पेन स्टेशनच्या डोक्यावरचा दंगा

तर झालं असं की मी न्यूअर्कलाच उतरत होतो. अनाउन्समेंटमधलं मला फक्त "पेन स्टेशन" एवढंच ऐकू आलं, मी पिशवी उचलून थेट दारात, आणि मागून भाऊजी माझ्या जॅकेटची टोपी धरून ओढतायत, "अरे बस खाली, हे ते नाही, ते पुढचं!" एकाच लाईनवर दोन पेन स्टेशनं, एक न्यूअर्कचं आणि एक न्यूयॉर्कचं. आमच्या नागपूरला निदान अजनी, इतवारी अशी वेगवेगळी नावं तरी आहेत ना बाप्पा.

रविवार, 23 फेब्रुवारी 2025. न्यूयॉर्कला कॉलेज बास्केटबॉलची मॅच दुपारी बाराची, म्हणून आम्ही सकाळीच मेट्रोपार्कहून निघालो, ताईनं दिलेले मेथीचे पराठे सिकॉकस यायच्या आत संपले. भाऊजी गप्प होते. भाऊजी डोंबिवलीचे, आणि दोनच दिवसांपूर्वी आमच्या विदर्भानं रणजीच्या सेमीफायनलमध्ये मुंबईला 80 रनांनी हरवलं होतं, तेही जामठ्याला, आमच्या घरच्या ग्राउंडवर. तिकडे दिवस म्हणजे इकडे रात्र, त्यामुळे मी त्यांच्याच घरात, त्यांच्याच सोफ्यावर, त्यांच्याच वायफायवर रात्रभर जागून स्कोअर बघितला आणि पहाटे जरा जास्तच जोरात ओरडलो. तेव्हापासून आमचं बोलणं जेवणापुरतंच चाललं होतं.

आता मी न्यूयॉर्कला बास्केटबॉल बघायला का गेलो? कारण भाची. भाची सेंट जॉन्स युनिव्हर्सिटीत फार्मसी शिकते (क्वीन्समध्ये आहे ती, आणि फार्मसीला आपली देशी पोरं बरीच दिसतात तिथं) आणि तिच्या कॉलेजची टीम म्हणे पंचवीस वर्षांनी परत जिवंत झाली होती. तिनं फोनवर सांगितलं, "मामा तू येतोयस तर यूकॉनची, म्हणजे कनेक्टिकट युनिव्हर्सिटीची, मॅच बघच, ते लागोपाठ दोन वर्षांचे चॅम्पियन आहेत आणि आपण त्यांना त्यांच्या घरी हरवून आलोय." आपण! या पोरीनं शाळेत असताना पीटीच्या तासाला बॉलला हात लावला नव्हता, मी स्वतः शिवाजीनगर जिमखान्याच्या कोर्टवर पाच वर्षं घाम गाळलाय (बेंचवर जास्त, ते सोडा), तर मला "आपण" कोण हे बघायचंच होतं.

शनिवारी तिनं कॅम्पस दाखवायला नेलं. ई ट्रेननं क्यू गार्डन्सपर्यंत आणि तिथून क्यू 46 बस, युनियन टर्नपाइकवरून सरळ. बसस्टॉप आहे युटोपिया पार्कवेवर, आता असं नाव असलेल्या रस्त्यावरची टीम पंचवीस वर्षं रखडते म्हणजे काय! कॅम्पस छान आहे, टेकाडावर, मधे मोठं हिरवळीचं मैदान, पण तेव्हा ते पिवळंच होतं आणि वारा असा की कान आहेत की नाहीत ते हात लावून बघायचं. तिथं त्यांचं स्वतःचं छोटं स्टेडियम आहे, कार्नेसेका अरीना, साडेपाच हजारांच्या आसपास माणसं मावतात. मोठ्या मॅचेस मात्र मॅनहॅटनला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये होतात.

ज्यांच्या नावाचं ते स्टेडियम ते लू कार्नेसेका. दोन टप्प्यांत मिळून 24 सीझन कोच, 526 मॅच जिंकले, आणि नोव्हेंबर 2024 च्या शेवटच्या दिवशी गेले, जानेवारीत शंभर पूर्ण झाली असती. भाची मला हे सांगत होती तेव्हा तिचा आवाज जरा उतरला होता, हिचा जन्म व्हायच्या कितीतरी आधी ते रिटायर झालेले (1992). मला ते जरा गमतीचं वाटलं तेव्हा. संध्याकाळी फ्लशिंगच्या गणपती मंदिराच्या तळघरातल्या कँटीनमध्ये डोसा खाल्ला, तो विषय वेगळा, त्यावर एक पूर्ण पोस्ट होईल, पण एवढंच सांगतो की चटणी तिखट होती आणि मी तीन डोसे खाल्ले.

आता रविवार. न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनला उतरलं की गार्डन शोधावं लागत नाही, ते तुमच्या डोक्यावरच असतं. पूर्वी तिथं म्हणे मोठं देखणं दगडी स्टेशन होतं, ते साठच्या दशकात पाडलं, स्टेशन गेलं जमिनीखाली आणि वर 1968 साली हे गोल गार्डन उभं राहिलं. मला आपल्या व्हीटीची आठवण आली आणि कुणाच्या डोक्यात तसलं काही आलं नाही म्हणून बरं वाटलं. प्लॅटफॉर्मवरून जिन्यापर्यंत सगळा लाल रंग, मधेमधे यूकॉनवाल्यांचे गडद निळे ठिपके. भाऊजी म्हणाले पूर्वी उलटं असायचं, ऑफिसमधल्या एका यूकॉनवाल्याबरोबर ते काही वर्षांपूर्वी आले होते, तेव्हा न्यूयॉर्कमध्ये न्यूयॉर्कचीच टीम पाहुणी वाटत होती.

भाची खाली स्टुडंट सेक्शनमध्ये, आम्ही पार वर. नाचोजची किंमत बघून मी ते परत ठेवले, त्या पैशात सीताबर्डीवर चौघांचं जेवण होतं.

माझ्या शेजारी एक आजोबा होते, क्वीन्सचेच, शाळेत शिकवायचे पूर्वी. अंगात तपकिरी टीशर्ट आणि त्यावर स्वेटर छापलेला, लाल-निळ्या पट्ट्यांचा, अगदी भयानक. मी विचारलं हे काय, आणि मग वार्मअप संपेपर्यंत मला दुसरं काही बघता आलं नाही. गोष्ट अशी की 1985 च्या सीझनला कार्नेसेका एक कुरूप स्वेटर घालायला लागले, टीम जिंकत सुटली, म्हणून मग काढेनातच. टीम देशात एक नंबरला, सलग 19 जिंकलेल्या, आणि फेब्रुवारीत इथं याच गार्डनमध्ये जॉर्जटाऊनशी मॅच, ते दोन नंबरवर. जॉर्जटाऊनचे कोच जॉन थॉम्पसन, हा एवढा धिप्पाड माणूस, ते आले आणि कोट उघडला तर आत त्याच स्वेटरचा टीशर्ट! गार्डन हसून हसून लोळलं आणि मग जॉर्जटाऊननं 85-69 नं धुतलं. पुढं त्याच वर्षी दोघंही फायनल फोरला (म्हणजे देशाच्या सेमीफायनलला) पोचले, ख्रिस मलिन, वॉल्टर बेरी, मार्क जॅक्सन ही सगळी पोरं या टीममध्ये, आणि तिथंही जॉर्जटाऊनच आडवं आलं. आजोबा हे सगळं असं सांगत होते की जणू परवाच झालंय आणि अजून पंचांशी बोलणी चालू आहेत.

मी विचारलं, आणि मधली वर्षं? तर हातानं खालच्या रिकाम्या नसलेल्या खुर्च्या दाखवल्या. म्हणाले तेव्हा या ओसच असायच्या, तिकीट वरचं काढायचं आणि पहिला हाफ अर्धा झाला की खाली जाऊन बसायचं, दारावरचा माणूस ओळखीचा, तो दुसरीकडे बघायचा. शेजारच्या खुर्चीवर कोट, त्याच्या शेजारच्या खुर्चीवर टोपी. 2003-04 ला तर सीझनच्या मधेच कोच काढला, 6 जिंकले आणि 21 हरले, तरी हे येतच होते. एनसीएए टुर्नामेंटमध्ये (देशभरातल्या कॉलेजांची सीझनच्या शेवटची मोठी स्पर्धा) शेवटची मॅच जिंकली होती 2000 साली. त्यांचा हिरो मलिन स्वतः कोच होऊन आला, 2015 ते 2019, त्यानंही जमलं नाही. "आणि आता बघ," म्हणाले, "आता मला माझ्याच सीटवर बसावं लागतं, आणि पुढची ही नवीन मंडळी सारखी उभी राहतात." खरंच कुरकुर करत होते हां, कौतुकानं नाही. समोर उभ्या असलेल्या पोरांना दोनदा तरी झापलं.

हे जे काही बदललं ते मार्च 2023 नंतर, रिक पिटिनो आले तेव्हापासून. हे मोठं प्रस्थ, केंटकीला 1996 ला चॅम्पियन केलं, लुईव्हिलला 2013 ला केलं पण ते जेतेपद नंतर चौकशीत काढून घेतलं गेलं, मग ग्रीसला जाऊन कोचिंग, मग आयोना नावाच्या छोट्या कॉलेजात, आणि वयाच्या सत्तरीत इथं. पहिल्या वर्षी 20 जिंकले, 13 हरले, एनसीएएनं बोलावलंच नाही. दुसऱ्या वर्षी हे. आणि कसं? पोरं आणली बाहेरून. आता कॉलेजची पोरं ट्रान्सफर पोर्टलमध्ये नाव टाकून दुसऱ्या कॉलेजात जातात, 2021 पासून पहिल्या बदलीला वर्षभर बसावंही लागत नाही, आणि त्याच वर्षापासून आपल्या नावावर पैसेही कमवता येतात. सेंट जॉन्सकडे माइक रिपोले आहेत, इथलेच माजी विद्यार्थी, व्हिटॅमिनवॉटर काढून अब्जाधीश झालेले, ते हात सैल सोडतात. मग झुबी एजिओफोर आला कॅन्ससहून, आरजे लुईस मॅसॅच्युसेट्सहून, डीव्हॉन स्मिथ युटाहून, आणि केडेरी रिचमंड तर सीटन हॉलहून, म्हणजे याच लीगमधल्या न्यू जर्सीच्या शेजाऱ्याकडून उचललेला.

हे ऐकल्यावर भाऊजींना तीन दिवसांत पहिल्यांदा कंठ फुटला. "म्हणजे विकत आणलेली टीम! यात काय आलंय कौतुक?"

मी म्हटलं भाऊजी, विदर्भाचा कोच कोण होता पहिली रणजी जिंकली तेव्हा? चंद्रकांत पंडित. कुठले? मुंबईचे. टीममध्ये कोण होता? वसीम जाफर. कुठला? मुंबईचाच. आता करुण नायर, तो कर्नाटकचा. म्हणून जानेवारी 2018 ला इंदूरला कप उचलला तेव्हा आम्ही नागपुरात फटाके फोडायचे नव्हते काय? साठ वर्षं मार खाल्ला तो आम्हीच खाल्ला ना, तो तर कुणी बाहेरून आणला नव्हता! भाऊजी शांतपणे म्हणाले, "म्हणजे तुमचा कपसुद्धा आमचाच." यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही. आजोबांनी विचारलं कशावरून भांडताय, मी जमेल तसं सांगितलं, त्यांना क्रिकेटचं काही कळलं नाही पण मार खाल्ल्याचं कळलं असावं कारण त्यांनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली आणि म्हणाले, बघ आता खेळ सुरू होतोय.

खेळ! आमच्या कोर्टवर आम्ही बास्केट झाल्यावर धावत आपल्या हाफमध्ये परतायचो, इथं ही पोरं बास्केट करून तिथंच समोरच्याला चिकटत होती, फुल कोर्ट प्रेस, बॉल आत टाकायलाच जागा देत नाहीत. चाळीस मिनिटं हे करायचं म्हणजे फुप्फुसं कुठून आणतात कोण जाणे. लांबून नेम या टीमचा काही खास नाही, थ्री पॉइंटर टाकले की माझ्यातला माजी खेळाडू डोळे मिटून घेत होता, पण चुकलेला बॉल हेच परत उचलायचे, एजिओफोर तर दोघांच्या मधून हात घालून असा काढायचा की जणू शेंगदाण्याच्या पोत्यातून मूठ भरतोय. पिटिनो साइडलाइनवर सतत उभे. पलीकडे यूकॉनचे डॅन हर्ली, त्यांचा हातवाऱ्यांचा स्वतंत्र कार्यक्रम चालू. आणि आवाज, 19,812 माणसं, सगळं फुल्ल, डिफेन्सच्या वेळेला तर छत थरथरत होतं, मी जामठ्याला आयपीएलचा आवाज ऐकलाय पण तिथं वर आभाळ असतं, इथं आवाजाला जायला जागाच नाही, तो फिरून परत तुमच्याच अंगावर.

89-75. शेवटची दोन मिनिटं कुणीच बसलेलं नव्हतं, आजोबापण नव्हते. उलट शेवटची शिट्टी झाल्यावर बाकीचे जिन्याकडे पळाले तरी ते उभेच, टीशर्टवरचा स्वेटर खाली ओढून नीट करत. मी निरोप घेतला तर विचारलं, परत कधी येणार? मी म्हटलं शुक्रवारी मी भारतात. "मग टीव्हीवर बघ," म्हणाले, जसं काही माझी सुट्टी मंजूर केली.

खाली भाची भेटली, घसा पूर्ण बसलेला, गालावर लाल रंग ओघळलेला. पेन स्टेशनात जिन्यावर अनोळखी माणसं एकमेकांना टाळ्या देत होती. भाऊजींनीही दोघातिघांना दिल्या, मी बघितलं.

नागपूरला आलो आणि मला व्यसनच लागलं. 8 मार्चला मार्केट नावाच्या कॉलेजाविरुद्ध ओव्हरटाइमच्या शेवटच्या क्षणाला एजिओफोरनं बॉल टाकला, 86-84, मी अंथरुणात उडी मारली आणि बायको म्हणाली आता हे काहून सुरू केलं तुम्ही. 15 मार्चला गार्डनमध्येच क्रेटनला 82-66 नं हरवून बिग ईस्टचा, म्हणजे त्यांच्या लीगचा, कप, 2000 नंतर पहिल्यांदा. मग एनसीएएत ओमाहाला हरवलं, पंचवीस वर्षांनी तिथं एक मॅच जिंकली. आणि मग 22 मार्च, आपल्याकडे मध्यरात्र, समोर कोच कॅलिपारींची आर्कान्सॉ. मी चहा करून बसलो. थ्री पॉइंटर 22 टाकले, गेले 2. बावीसपैकी दोन! आमच्या जिमखान्यात बेंचवरून उठून मी यापेक्षा बरे टाकले असते. 75-66, सीझन संपला, 31 जिंकल्या आणि 5 हरल्या.

भाचीचा मेसेज आला तो फक्त रडका चेहरा. काही दिवसांनी आरजे लुईस, बिग ईस्टचा प्लेयर ऑफ द इयर, तोही चालला, पण एजिओफोर राहतोय असं कळलं, आणि तिनं लगेच पुढच्या सीझनच्या तिकिटांची चौकशीपण सुरू केली.

भाऊजींचा मेसेज मात्र मॅच संपल्या संपल्याच आला होता. लिहिलं होतं, "शूटर कमी पडतायत. मुंबईहून पाठवू का दोन?"