दारात येणाऱ्या मांजरीच्या पिसवा आणि जंत

पावसाळ्यात आमच्या रत्नागिरीत हवा दमट आणि उबदार, पिसवांना अगदी हवी तशी, त्यामुळे दारात येणाऱ्या मांजरी या दिवसात सारख्या खाजवताना दिसतात. आमच्या पडवीत येणारी भुरी पण तशीच, मानेमागचे केस गेलेले, पोट फुगलेलं आणि पाठीचा कणा हाताला लागायचा. ती कुणाची पाळलेली नाही, पण रोज आपल्या दारात येऊन जेवते म्हटल्यावर तिचं औषधपाणी आपणच करायचं असं मला वाटतं, आणि ते जमतं, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

सगळ्यात आधी एक, आणि हे प्लीज घरातल्या सगळ्यांना सांगा. कुत्र्याची गोचीड पावडर किंवा कुत्र्याचं स्पॉट-ऑन (कातडीवर थेंब सोडायचं औषध) मांजरीला लावायचं नाही, थोडंसं सुद्धा नाही. त्यातल्या बऱ्याच औषधांत परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं, कुत्र्याला ते चालतं पण मांजरीचं लिव्हर ते नीट फोडू शकत नाही, मग अंग थरथरतं, झटके येतात आणि मांजर मरू शकते. शेजारच्या काकू खूप मायेने डबा घेऊन आल्या होत्या, त्यांना डब्यावरचं नाव वाचून दाखवलं तेव्हा त्यांनाच धक्का बसला. कापूर, कडुनिंबाचं तेल, डेटॉल, फिनाईल हे पण नको, कारण मांजर अंग चाटते आणि जे लावाल ते पोटात जातं.

पिसवा आहेत का ते बघायचं तर अंगावर काळे बारीक कण दिसतात ते ओल्या कापसावर टिपायचे, कापूस तांबूस झाला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे मांजरीचंच पचलेलं रक्त. भुरीच्या बाबतीत कापूस लगेच लाल झाला. आणि शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखं काहीतरी वळवळताना दिसलं, ते टेपवर्मचे तुकडे. हा जंत येतो पिसवांमधूनच, खाजतं म्हणून मांजर दातांनी अंग चावते, त्यात एखादी पिसू गिळली की आतली अळी आतड्यात वाढते. म्हणून नुसती जंताची गोळी दिली आणि पिसवा तशाच ठेवल्या तर काही आठवड्यात परत तेच, दोन्ही एकत्रच करावं लागतं.

भुरी हातात नीट येत नाही त्यामुळे आधी फोटो आणि व्हिडिओ काढून जनावरांच्या डॉक्टरांना दाखवले. वजन मात्र पाहिजेच, सगळे डोस वजनावर असतात, तर झाकणाच्या टोपलीत मासे ठेवले, ती आत गेली की टोपलीसकट वजन केलं आणि नंतर रिकाम्या टोपलीचं वजा केलं. डॉक्टरांनी मांजरीचंच फिप्रोनिल स्पॉट-ऑन दिलं. ती जेवत असताना मागून जाऊन मानेवरचे केस बाजूला करून थेट कातडीवर, जिथे तिची जीभ पोचत नाही तिथे सोडायचं, केसांवर सांडलं तर उपयोग नाही. त्याच्या आधी-नंतर दोन दिवस अंग ओलं नको, म्हणून पाऊस उघडायची वाट बघितली.

गोळी प्राझिक्वांटेल आणि पायरंटेल एकत्र असलेली. टेपवर्मवर प्राझिक्वांटेल, गोल जंतांवर पायरंटेल, एकट्या पायरंटेलने टेपवर्म जात नाही हे दुकानात विचारताना लक्षात ठेवा. गोळी कडू असते, चावली तर तोंडाला फेस येतो, घाबरू नका, बहुतेक वेळा तो चवीचा असतो. उकडलेल्या बांगड्याच्या छोट्या गोळ्यात लपवून दिली, आधी एक साधा घास, मग औषधाचा, मग लगेच परत साधा, या क्रमाने ती न थांबता खाते. गोल जंतांसाठी दोन-तीन आठवड्यांनी परत डोस आणि नंतर साधारण दर तीन महिन्यांनी.

औषध लावलं तरी काही आठवडे पिसवा दिसत राहतात, औषध चालत नाही असं समजून वरचेवर लावू नका. मांजरीच्या अंगावर दिसतात त्या थोड्याच, बाकी अंडी, अळ्या आणि कोष ती झोपते तिथल्या धुळीत असतात, आणि कोषावर फवारणी पण लागू पडत नाही, तो फुटून पिसू बाहेर येईपर्यंत थांबावंच लागतं. मी गोणपाट टाकून दिलं, जुनी चादर दिली जी गरम पाण्यात धुता येते, आणि पडवीच्या कोपऱ्यातली माती रोज झाडून काढते. घरात लहान मुलं असतील तर हात धुणं आणि विष्ठा लगेच उचलणं अजिबात टाळू नका, गोल जंतांची अंडी मातीत बराच काळ टिकतात.

पिल्लं असतील तर वेगळं, आठ आठवड्यांच्या आतल्यांना स्पॉट-ऑन नाही, बारीक दातांच्या फणीने पिसवा काढून साबणाच्या पाण्यात बुडवायच्या. पिल्लाच्या हिरड्या पांढऱ्या दिसल्या तर त्याच दिवशी दवाखाना, एवढ्याशा जीवाचं रक्त पिसवा खरंच संपवतात. गाभण मांजरीला पण स्वतःच्या मनाने काही देऊ नका.

भुरीच्या मानेवर आता लव आलीय आणि पोट उतरलंय. अंगाने अजून थोडी भरली की नसबंदी करून घ्यायचीय, ती पिंजऱ्यात सहज जाणार नाही, तर रत्नागिरीत कुणाकडे मांजर पकडायचा सापळ्याचा पिंजरा असेल तर मला नक्की सांगा, दोन दिवसांसाठीच हवाय.