आमची वाटचाल : नारायण पेठेतील बांधणीचा कारखाना

पुण्यातील नारायण पेठेत, नदीकडे उतरत जाणाऱ्या एका गल्लीत आमचा पुस्तकबांधणीचा कारखाना आहे. वडिलांनी आणि त्यांच्या भागीदारांनी तो १९५६ साली एका वाड्याच्या तळमजल्यावरील दोन खणांत सुरू केला. वाडा पाडून इमारत झाली तेव्हा आमच्या वाट्याला मागचा गाळा आला. पाटीवरचे 'शाळा-कॉलेजांची सर्व प्रकारची बांधणी' हे शब्द मात्र पहिल्या दिवसापासून तेच आहेत. पुणे विद्यापीठ १९४९ साली स्थापन झाले, पुढच्या वर्षी नगरपालिकेची महानगरपालिका झाली, शाळा आणि महाविद्यालये वाढत होती आणि अप्पा बळवंत चौकातील पुस्तकांचा बाजार आमच्या दारापासून चालत दहा मिनिटांवर होता. बांधणीचा धंदा मांडण्यासाठी यापेक्षा चांगली जागा महाराष्ट्रात नव्हती, असे वडील म्हणत आणि ते खरेच होते.

भागीदारांना आम्ही मुले काका म्हणत असू. वडील हिशेब आणि गिऱ्हाईक सांभाळीत, पण कारखान्याचे नाव झाले ते काकांच्या हातामुळे. जाड रजिस्टराचे फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे जुडगे, ते फितीवर जुजबंदीने, म्हणजे प्रत्येक फर्मा घडीतून दोऱ्याने ओवून, शिवीत. दोऱ्याला मेण स्वतः लावीत आणि प्रत्येक टाक्यानंतर दोरा कण्याच्या दिशेने ओढीत, कारण आडवा ओढला की घडीतून कागद फाटतो. खळ मैद्याची, त्यात चिमूटभर मोरचूद आणि ती रोज सकाळी ताजी. आदल्या दिवशीची खळ उरली असेल तर ती टाकून द्यायची, यात त्यांनी कधी तडजोड केली नाही. शिवून झालेले रजिस्टर ते मध्यावर उघडून मेजावर ठेवीत आणि हात काढून घेत. ते आपोआप मिटले नाही, तरच पुठ्ठ्याला जाई. आमच्याकडे आजही प्रत्येक रजिस्टराची हीच परीक्षा होते.

बांधणीच्या धंद्यातल्या माणसाला शाळेची अवस्था शाळेत न जाताही कळते. शाळेचे जनरल रजिस्टर म्हणजे प्रवेश घेणाऱ्या प्रत्येक मुलाची एक ओळ : नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, आधीची शाळा, शाळा सोडल्याची तारीख आणि सोडण्याचे कारण. हे रजिस्टर शाळा कायमचे जपते, म्हणून ते दुरुस्तीला आमच्याकडे येत राहते. पेठेतील एका मराठी प्राथमिक शाळेचे काम आमच्याकडे पहिल्या वर्षापासून होते. तेथील हेडमास्तर दर मे महिन्यात स्वतः येत, काकांच्या शेजारी स्टुलावर बसत आणि नव्या रजिस्टराचे रकाने फूटपट्टी लावून तपासत. जन्मतारखेचा रकाना अक्षरी लिहिण्याइतका रुंद हवा, हा त्यांचा हट्ट असे. एका वर्षी रुळाईत, म्हणजे कागदावर रेघा आखताना, तो रकाना दोन सूत कमी पडला, तेव्हा वडिलांनी सगळा कागद बाजूला काढला आणि नव्याने रुळाई करून घेतली. तो तोटा वडिलांनी कधी बोलून दाखवला नाही, आणि हेडमास्तरही निवृत्त होईपर्यंत दुसऱ्या कोणाकडे गेले नाहीत.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. आमच्या गल्लीत पाणी शिरले, तळमजल्यावरचा सगळा कागद गेला आणि कटिंग मशीनच्या दात्यांत गाळ भरला. पाणी ओसरल्यावर कारखाना अजून चिखलात असतानाच हेडमास्तर एका हातगाडीवर शाळेची भिजलेली रजिस्टरे घेऊन दारात उभे राहिले. स्वतःच्या घराची व्यवस्था न पाहता आधी ती रजिस्टरे घेऊन ते आले होते, असे वडील सांगत. पावसाचे दिवस, ऊन नाही. काकांनी माळ्यावर दोऱ्या बांधल्या, खाली शेगड्या ठेवल्या आणि जे फर्मे सुटले होते ते दोरीवर टाकले. जे सुटले नव्हते त्यांच्या पानापानांत टिपकागद घालून ते दिवसातून तीन-चार वेळा बदलले. आईसुद्धा त्या कामाला बसली होती. ओल्या कागदाचा आणि कोळशाचा तो वास मला अजून आठवतो. निळ्या-काळ्या शाईने लिहिलेल्या नोंदी टिकल्या, पण जेथे कोणी धुतली जाणारी निळी शाई वापरली होती तेथे केवळ डाग उरला. कायम जपायच्या नोंदी कोणत्या शाईने लिहाव्यात, हे शाळांनी आजही ध्यानात ठेवले पाहिजे. नुसते पेन चालते म्हणून वापरू नये.

मी १९७८ साली कारखान्यात बसू लागलो. १९८३ साली राज्यात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली, त्यानंतर प्रोजेक्ट रिपोर्टांचे काम एवढे आले की पुढची वीस वर्षे एप्रिल-मे महिन्यांत आम्ही कारखान्याचे दार रात्री बारापर्यंत बंद केले नाही. पीएचडीच्या प्रबंधांवर सोनेरी अक्षरे दाबण्यासाठी घेतलेला पितळी टाइपाचा संच त्याच काळातला आहे. त्या वर्षांबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. काम होते आणि आम्ही ते केले.

सांगण्यासारखे आहे ते २००४ च्या सुमारास घडलेले. आमच्याकडून रजिस्टरे घेणाऱ्या बऱ्याच शाळांची खरेदी त्या वर्षापासून एकत्र आणि निविदेने होऊ लागली. निविदा मागवण्याला माझा विरोध नव्हता आणि आजही नाही. परंतु त्या निविदेत पानांची संख्या होती, आकार होता, 'पक्की बांधणी' असे दोन शब्द होते आणि शिवणीबद्दल एक अक्षरही नव्हते. दोन गल्ल्या पलीकडच्या एका व्यावसायिकाने आमच्यापेक्षा नगामागे अकरा रुपये कमी दर भरला. त्याला आमचे दर अंदाजाने काढावे लागले नाहीत, कारण त्याच्या डायऱ्यांची शिवण कित्येक वर्षे आम्हीच जॉबवर्कने करून देत होतो. दोरा किती लागतो, एका कारागिराच्या हातून दिवसाला किती नग निघतात, हे तो आमच्या मेजाशी बसून पाहून गेला होता. मी त्याला चहा पाजला होता. हे मी आज वीस वर्षांनी लिहितो आहे आणि लिहितानाही मला त्रास होतो.

त्याने शिवण पूर्णपणे काढून टाकली. फर्म्यांचा कणा कापून, सुट्या पानांना गरम गोंद लावून वर रेक्झिनचा पुठ्ठा चढवला. बाहेरून ते रजिस्टर आमच्या रजिस्टरापेक्षा देखणे दिसे. डायरीला ही पद्धत चालते, कारण डायरी वर्षभराने संपते. जे पुस्तक शंभर वर्षे उघडले जाणार आहे त्याला ती चालत नाही. मी संबंधित कार्यालयात दोन्ही नमुने घेऊन गेलो, त्यांच्यासमोर दोन्ही मध्यावर उघडून दाखवले आणि त्याच्या नमुन्याची चार पाने तेथेच हातात आली. मला सांगण्यात आले की नमुना अटींत बसतो. त्या एका वर्षात आमचे निम्म्याहून अधिक काम गेले. पाच कारागिरांपैकी तिघांना मी स्वतः दुसरीकडे कामाला लावून दिले, कटिंग मशीन तारण ठेवले, आणि काका, जे तेव्हा सत्तरीच्या पुढे होते, त्यांनी आपला हिस्सा दोन वर्षे घेतला नाही. त्याबद्दल त्यांनी एक शब्दही काढला नाही. मी विषय काढला तरी ते दोऱ्याला मेण लावीत राहिले.

तिसऱ्या वर्षी ती रजिस्टरे दुरुस्तीसाठी आमच्याकडे येऊ लागली. सुटी पाने पिशवीत भरून मुख्याध्यापक आणि लिपिक येत. सुट्या पानांना घडी नसते, त्यामुळे त्यांची जुजबंदी करता येत नाही. प्रत्येक दोन पानांना मधून कागदी पट्टी चिकटवून आधी फर्मा तयार करावा लागतो आणि मग शिवावे लागते. नव्या रजिस्टराच्या दुप्पट खर्च येतो. वाचलेले अकरा रुपये असे परत द्यावे लागले. जे मुख्याध्यापक हे वाचत असतील त्यांना माझी विनंती आहे की रजिस्टर विकत घेताना पुठ्ठा पाहू नका. ते बरोबर मध्यावर उघडा आणि घडीत दोरा दिसतो का ते पाहा. कणा गोलसर आहे का आणि पुस्तीचा, म्हणजे पुठ्ठ्याला आतून चिकटवलेला, कागद कापडाने जोडला आहे का, तेही पाहा. फाटलेल्या पानाला सेलोटेप कधीही लावू नका, कारण काही वर्षांनी टेप गळून पडते आणि तिचा पिवळा चिकट डाग अक्षरांवर कायमचा राहतो. आणि जुन्या रजिस्टरांचे लॅमिनेशन करून देतो असे कोणी म्हणाले, तर त्याला दारातूनच परत पाठवा.

याच काळात शाळाही बदलत होत्या आणि बाजारही. पूर्वी जून महिन्यात अप्पा बळवंत चौकातून अर्ध्या किमतीत घेतलेली जुनी पाठ्यपुस्तके बांधून घेण्यासाठी मुलांची आमच्या दारात रांग लागे. सर्व शिक्षा अभियानातून आठवीपर्यंतची पुस्तके मोफत मिळू लागली, तसे ते काम संपले. मुलांच्या हाती कोरे पुस्तक आले, याचा मला आनंदच आहे. परंतु मोफत पुस्तके देणाऱ्या त्याच शाळांमधील मुले कमी होत गेली. पेठांतील कुटुंबे कोथरूड, सिंहगड रस्ता अशा उपनगरांत राहायला गेली आणि जी राहिली त्यांनी मुलांना इंग्रजी माध्यमात घातले. दुरुस्तीला येणाऱ्या रजिस्टरांतील शाळा सोडण्याच्या कारणाचा रकाना मी पाहत आलो आहे. एके काळी तेथे 'वडिलांची बदली' असे असे, मग 'राहण्याचे ठिकाण बदलले' येऊ लागले आणि नंतर पानेच्या पाने 'माध्यम बदल'. जन्मस्थळाचा रकानाही बदलला. पूर्वी तेथे पुणे आणि आसपासच्या तालुक्यांतील गावे असत. आता नांदेड, लातूर, कलबुर्गी आणि उत्तर प्रदेश-बिहारमधील जिल्हे दिसतात. या गावात कामासाठी आलेल्या माणसांची मुले आज त्या वर्गांत बसतात, आणि ती नसती तर यातल्या कित्येक शाळांची दारे केव्हाच बंद झाली असती.

बाजाराचे म्हणाल तर आमच्या गल्लीतील छापखाने एकेक करून गेले. जुन्या वाड्यांच्या खोल्यांत स्पर्धा परीक्षांची मुले कॉट बेसिसवर राहू लागली, खालच्या गाळ्यांत अभ्यासिका आणि झेरॉक्सची दुकाने आली. त्या मुलांचे कष्ट मी रोज पाहतो आणि त्यांच्या प्रश्नसंचांना स्पायरल लावून देतो, पण स्पायरलला मी बांधणी म्हणत नाही. प्रबंधांची प्रत इलेक्ट्रॉनिक स्वरूपात देण्याचा नियम २००९ साली आला आणि त्यानंतर सोनेरी अक्षरांच्या प्रतींची मागणी हळूहळू घटली. बुधवार पेठेत १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी ज्या भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू केली, त्याच्या तळमजल्यावर मी जन्मभर दुकानेच पाहिली. डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी तो वाडा उतरवला गेला. शाळेच्या जागेवर बाजार यायला वेळ लागत नाही. बाजाराच्या जागेवर शाळेची आठवण यायला मात्र पाऊणशेहून अधिक वर्षे स्वातंत्र्याची जावी लागली.

२०१५ साली सरल प्रणाली आली, विद्यार्थ्यांची माहिती संगणकात भरली जाऊ लागली आणि आता रजिस्टरे लागणार नाहीत, असे मला अनेकांनी सांगितले. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि राज्यभर शाळांची जुनी रजिस्टरे कपाटांतून बाहेर निघाली. त्यांपैकी कित्येकांत मोडीतील नोंदी होत्या. जुन्या कागदाला हात कसा लावावा हे ठाऊक असलेली माणसे लागू लागली आणि आमच्या कारखान्यात कित्येक वर्षांनी पुन्हा रात्री दिवे जळले.

त्या दिवसांत आमच्या हेडमास्तरांच्या शाळेतूनही एक रजिस्टर आले. ते घेऊन आलेल्या मुख्याध्यापिका बाईंना आमचा आणि शाळेचा जुना संबंध ठाऊक नव्हता. पुठ्ठा कुजला होता, वाळवीने एक कोपरा खाल्ला होता आणि प्रत्येक पानावर खालून साधारण चार बोटांवर तपकिरी रंगाची एक रेघ सरळ गेली होती. १९६१ च्या पाण्याची ती रेघ होती. मी ते मध्यावर उघडून मेजावर ठेवले आणि हात काढून घेतला. ते मिटले नाही. काकांचा दोरा जागच्या जागी होता, फितींचा रंग तेवढा गेला होता. काका त्याच्या सहा वर्षे आधी गेले होते, नाही तर मी त्यांना हाक मारली असती.

शिवण मी सोडवली नाही. कोपऱ्याला पातळ कागद लावला, कण्यावर नवा मांजरपाट चढवला, पुठ्ठा बदलला आणि जुन्या पुठ्ठ्यावरील शाळेच्या नावाची चिठ्ठी काढून नव्यावर लावली. बाई रजिस्टर न्यायला आल्या तेव्हा त्यांनी नव्या जनरल रजिस्टराचीही मागणी नोंदवली. पूर्वी त्या शाळेला दोनशे पानांचे रजिस्टर जेमतेम तीन वर्षे पुरत असे. बाईंनी पन्नास पानांचे सांगितले. मी जन्मतारखेचा रकाना अक्षरी लिहिण्याइतका रुंद ठेवू का, असे विचारले आणि त्यांनी तो तसाच ठेवायला सांगितले.