तुम्ही विचारलंत म्हणून: थंडीत कुठलं बेट?

इथे न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये जानेवारीत दोन मराठी माणसं भेटली की आधी बर्फ किती पडला, मग ड्राइव्हवे कुणी साफ केला, आणि मग माझ्याकडे वळून हमखास एकच प्रश्न, "तुम्ही मागे त्या कॅरिबियनला जाऊन आलात ना, आम्हालापण जायचंय, कुठलं बेट घेऊ?" मंडळाच्या तीळगुळाला चौघींनी विचारलं आणि चौघींना अर्धवटच सांगून झालं, कारण दर वेळी मध्येच कुणीतरी वाण घेऊन यायचं, म्हणून आता एकदाचं लिहूनच टाकते.

बेट नंतर. आधी पासपोर्ट काढा आणि व्हिसाच्या स्टॅम्पवरची तारीख बघा.

हसू नका, आम्ही इथेच आपटलो होतो. नवऱ्याचं एच-वन-बी, म्हणजे नोकरीच्या व्हिसाचं, एक्स्टेन्शन झालेलं, त्याच्या मंजुरीचा कागद, आय-७९७, हातात, म्हणजे इथे राहायला-काम करायला काही प्रॉब्लेम नाही, पण पासपोर्टातला स्टॅम्प कधीच संपलेला. आणि मी मात्र तीन आठवडे बार्बाडोस, अरुबा, जमैकाचे फोटो बघत बसलेले, एक हॉटेल तर बुक करणारच होते. या देशांत आत घेतीलही हो, पण परत येताना काय? अमेरिकेत शिरायला चालू तारखेचा स्टॅम्प लागतो. कॅनडा-मेक्सिकोला तीस दिवसांच्या आत जाऊन आलं तर संपलेल्या स्टॅम्पवर परत घेतात अशी एक सवलत आहे, तिलाही अटी आहेत, आणि ती कॅरिबियन बेटांना स्टुडंट व्हिसावाल्यांसाठी लागू होते, एच-वनवाल्यांना नाही. म्हणजे चार दिवस समुद्रात डुंबून यायचं आणि मग वकिलातीत नवा स्टॅम्प घ्यायची अपॉइंटमेंट शोधत बाहेरच बसायचं. क्रूझचंही तेच, फ्लोरिडातून निघाली म्हणून काय झालं, परदेशी बेटाला टेकली की तुम्ही देशाबाहेर.

तर ज्यांचा स्टॅम्प संपलाय त्यांच्यासाठी उरतात प्वेर्तो रिको आणि यूएस व्हर्जिन आयलंड्स. दोन्ही अमेरिकेचीच, त्यामुळे इथून थेट गेलात तर देश सोडला असं धरत नाहीत. कागद मात्र सगळे सोबत ठेवा, पासपोर्ट, आय-७९७, आय-९४ची, म्हणजे अमेरिकेत आल्याच्या नोंदीची, प्रिंट, कारण परतीच्या वेळी एअरपोर्टवर विचारू शकतात. व्हर्जिन आयलंड्सला रस्त्याच्या डावीकडून गाडी चालवायची पण स्टिअरिंगसुद्धा डावीकडेच, हे ऐकून नवरा म्हणाला नको बाई. राहिलं प्वेर्तो रिको. नेवार्कहून तिथली राजधानी सान हुआन विमानाने साधारण चार तास. तिथे जानेवारीत दिवसा अठ्ठावीस डिग्री, रात्री बावीसच्या आसपास, मध्येच पाच-दहा मिनिटांची सर येऊन जाते, छत्री उघडेपर्यंत संपते. चक्रीवादळांचा सीझन जून ते नोव्हेंबर, त्यामुळे ती भीती नाही.

आता तारीख. ही मी कालनिर्णय बघून ठरवली आणि हे सांगितलं की लोकांना वाटतं मुहूर्त काढला. मुहूर्त नाही हो, चंद्र. तिथे फाहार्दो गावाजवळ लागुना ग्रांदे म्हणून खाडीसारखं तळं आहे, त्याच्या पाण्यात एकपेशीय जीव आहेत, पाणी हललं की ते निळे चमकतात. कोकणातसुद्धा कधी कधी लाटा अशा चमकतात, पण तिथे नशीब लागतं, इथे जवळजवळ रोज दिसतं, फक्त अंधार पाहिजे. म्हणजे उत्तम दिवस अमावास्या. आमची आई तेव्हा येवल्याहून आलेली होती, ती म्हणाली, अवसेला प्रवास? शोभतं का तुला? शाळेच्या सुट्टीत अमावास्या बसतही नव्हती. मार्टिन ल्यूथर किंगच्या सुट्टीचा जानेवारीतला लाँग वीकेंड होता, २०२५चा, आणि पौर्णिमा त्याच्या चार-पाच दिवस आधीच होऊन गेलेली. मी ट्रिप कॅन्सलच करणार होते, तेवढ्यात आई कालनिर्णयावर बोट ठेवून म्हणाली, "अगं शुक्रवारी संकष्टी आहे ना, चंद्र नऊशिवाय कुठला उगवतोय."

एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती! आयुष्यभर संकष्टीला उपाशी राहून चंद्राची वाट बघितलेल्या बाईला ती कळली. तिथेही त्या दिवशी चंद्र सव्वानऊच्या सुमारास उगवणार होता, अंधार पडतो पावणेसातपर्यंत, म्हणजे मध्ये अडीच तास मोकळे. संध्याकाळची पहिलीच फेरी बुक केली. तेव्हा लक्षात ठेवा, पौर्णिमेनंतर चार-पाच दिवसांनी गेलात आणि लवकरची वेळ घेतलीत तरी चालतं. पौर्णिमेच्या आधी मात्र नको, चंद्र आधीपासून डोक्यावर असतो.

मी, नवरा आणि मुलगा कायाकमधून गेलो, आई बॅटरीवर चालणाऱ्या बोटीतून. खारफुटीतून चिंचोळी वाट आहे, इतका अंधार की पुढच्या कायाकवरचा छोटा दिवा तेवढा दिसतो, फांद्या डोक्याला लागतात, मागचा येऊन धडकतो, कोणीतरी स्पॅनिशमध्ये ओरडतं. आणि मग एकदम उघडं पाणी. पहिली दोन मिनिटं मला काहीच दिसलं नाही, मनात आलं फसवलं. मग हात पाण्यात घातला तर बोटांच्या मधून निळसर ठिणग्या, हात बाहेर काढला तर मनगटावरून ओघळणारा थेंबसुद्धा एक क्षण चमकून विझतोय. मुलगा त्याच्यानंतर वल्हं मारेचना, नुसता हात फिरवत बसला, आम्ही गोल गोल. फोटोत यातलं काही येत नाही, प्रयत्न करू नका. पोहायला तिथे बंदी आहे आणि ते बरोबरच आहे, अंगावरची क्रीमं आणि डासांचे स्प्रे पाण्यात गेले तर त्या जिवांचं काय होणार.

परत काठावर आलो तर बरोबर सव्वानऊ, चंद्र लालसर, आईने हात जोडले. दिवसभर तिने तोस्तोनेस खाल्ले होते, म्हणजे हिरव्या केळ्याचे जाड काप तळून, चेपून, परत तळलेले, वर मीठ. केळं उपासाला चालतंच, तेल कुठलं ते आम्ही विचारलं नाही आणि तुम्हीही विचारू नका.

व्हेजवाल्यांनी भाताच्या बाबतीत मात्र जपून. तिथला फेमस भात असतो ओल्या तुरीच्या दाण्यांचा, आरोस कोन गांदुलेस, दिसतो अगदी आपल्या मसालेभातासारखा, आई शनिवारी वाटी पुढे करून बसलेली, आणि त्यात सहसा डुकराचं मांस असतं. "मांस नको" सांगितलं तरी बारीक तुकडे राहतातच, त्यांच्या लेखी ती नुसती फोडणी. मोफोंगोचंही तसंच, हिरवी केळी तळून लसणाबरोबर खलबत्त्यात कुटतात, तुकडा तोंडात टाकला की जीव सुखावतो, पण पोर्कशिवाय करा असं आधीच सांगायचं. आम्ही घर घेतलं होतं किचनवालं, तांदूळ-डाळ नेली होती, कुकरसुद्धा, हो, कुकर.

आता माझी चूक. कालनिर्णय बघितलं पण तिथलं कॅलेंडर नाही बघितलं. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात ओल्ड सान हुआनमध्ये सान सेबास्तियान रस्त्याचा उत्सव असतो, चार दिवस, आणि मी घर घेतलं त्याच रस्त्यापासून दोन गल्ल्यांवर. गुरुवारी संध्याकाळी टॅक्सीवाल्याने लांबच उतरवलं, पुढे रस्ते बंद, लाखाच्या गर्दीतून चार बॅगा, एक आई आणि एक कुकर. तिथले रस्ते निळसर विटांचे, भट्टीतल्या लोखंडाच्या मळीपासून केलेल्या, फोटोत अप्रतिम, पण त्यावर चाकाची बॅग ओढून बघा. रात्री तीनपर्यंत ढोल. घरमालकाने बुकिंगच्या वेळी अवाक्षर काढलं नव्हतं, भाडं मात्र दुप्पट लावलेलं, तेव्हाच शंका यायला हवी होती. आईला मजा आली, म्हणे शिमग्यासारखं आहे.

दुसरं, लाइट. आम्ही जायच्या जेमतेम अडीच आठवडे आधी, ३१ डिसेंबरला, जवळजवळ अख्ख्या बेटाची वीज गेली होती. २०१७च्या मारिया वादळानंतर तिथली लाइन अजून धड झालेली नाही. त्यामुळे घर घेताना स्विमिंग पूल राहू दे, जनरेटर किंवा सोलर बॅटरी आहे का आणि पाण्याची टाकी आहे का हे विचारा. लोडशेडिंगमध्ये वाढलेल्यांना हे सांगायला नको.

समुद्राचं थोडक्यात: सान हुआनसमोर अटलांटिक आहे, थंडीत मोठ्या लाटा आणि आत ओढणारं पाणी, लाल बावटा दिसला की गुडघ्याच्या पुढे जायचं नाही. पोरांना लुकीयोला न्या, तिथे समोर प्रवाळाची भिंत आहे, पाणी शांत.

सोमवारी सकाळी गर्दी ओसरली तेव्हा एल मोरो किल्ल्यासमोरच्या मैदानावर गेलो. बांधायला १५३९मध्ये घेतलेला किल्ला, बघण्यासारखा आहे, पण आम्ही आत गेलोच नाही, कारण मैदानभर पतंग. त्यांना तिथे चिरिंगा म्हणतात. संक्रांत होऊन सहा दिवस झालेले आणि आई पतंगवेड्या येवल्याची, मग काय. पाच डॉलरचा प्लॅस्टिकचा पतंग आणला, दोरा एका हँडलला गुंडाळलेला, ते बघून ती म्हणाली, "ही काय आसारी आहे?" (आसारी म्हणजे येवल्याची मांज्याची फिरकी) आणि तरी दहा मिनिटांत पतंग किल्ल्याच्या वर. कापाकापी तिथे करत नाहीत हे तिला पटेना, शेजारच्या बाईच्या पतंगाजवळ ती दोनदा मुद्दाम घेऊन गेली, मीच सॉरी म्हणत फिरले.

शेवटचं एक. परतताना सान हुआन एअरपोर्टवर चेक-इनच्या आधी सगळ्या बॅगा शेतीखात्याच्या एक्स-रेमधून जातात, बरीचशी ताजी फळं मेनलँडवर न्यायला बंदी आहे, किडीच्या भीतीने. आईने रस्त्यावरून पाच पेरू घेऊन ते साडीत गुंडाळून ठेवलेले, मला पत्ता नाही. मशीनवरच्या माणसाने बॅग उघडायला लावली, डबा पुढे केला, यात टाका म्हणाला. आईने मला विचारलं, "टाकून देणार? सगळे?" मग पर्समधून तिखटमिठाची डबी काढली, बाजूच्या बाकावर बसली आणि नातवाला म्हणाली, "ये रे, बोर्डिंगला वेळ आहे अजून." तीन संपले.