आमची वाटचाल: बंद लाइन तपासण्याची सवय

इंदूरच्या रामबागेत वडिलांनी आणि काकांनी घराच्या ओसरीवर वायरिंगची कामे घ्यायला सुरुवात केली. पुढे दुकान झाले, सांवेर रोडवरच्या कारखान्यांची कामे मिळू लागली आणि आज आम्ही चौदा जण आहोत. परंतु आमची कामाची पद्धत बदलली ती राजवाड्याजवळच्या एका जुन्या वाड्यात.

मेन स्विच बंद होता, फ्यूज काढून वडिलांनी खिशात ठेवले होते, तरीही माळ्यावरच्या जंक्शन बॉक्समध्ये हात घालताच काकांना झटका बसला आणि ते शिडीवरून पडले. खांदा निखळला, एवढ्यावर निभावले. वरच्या खोल्यांना इन्व्हर्टर बसवलेला होता, हे कोणी सांगितले नव्हते आणि आम्हीही विचारले नव्हते. मेन बंद होताच तो इमानेइतबारे सुरू झाला आणि त्याच बॉक्समधून जाणाऱ्या त्याच्या फेजवर, म्हणजे जिवंत तारेवर, 230 व्होल्टच्या आसपास दाब कायम राहिला. काकांनी आधी टेस्टर लावला होता. पण कोरड्या लाकडी शिडीवर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात, त्यातही भर उजेडात, टेस्टरचा दिवा इतका मंद लागतो की तो दिसतही नाही.

तेव्हापासून आमच्याकडे व्होल्टेज मोजायचा मीटर आधी चालू असलेल्या सॉकेटवर लावून पाहतात, मग कामाच्या तारांवर फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ असे तिन्ही प्रकारे मोजतात, आणि शेवटी पुन्हा त्याच सॉकेटवर. कारण मधल्या वेळात मीटरच बिघडला असेल, तर त्याने दाखवलेले शून्य खोटे असते. एमसीबीला, म्हणजे लाइन तोडणाऱ्या स्विचला, बंद करून कुलूप लागते आणि किल्ली काम करणाऱ्याच्याच खिशात राहते. कारखान्यातल्या कपॅसिटर पॅनेलमध्ये वीज साठून राहते, म्हणून ते बंद केल्यावरही थांबून मोजावे लागते, आणि सोलरच्या डीसी तारा ऊन असेपर्यंत मेन बंद करूनही जिवंतच असतात. तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे अर्थकडे वीज गळली की लाइन तोडणारा स्विच, आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्या नव्या मुलांना मी सांगतो, की एक हात फेजला आणि दुसरा न्यूट्रलला लागला, अर्थकडे काहीच गेले नाही, तर त्या आरसीसीबीला तुम्ही म्हणजे एक बल्ब.

यात वेळ जातो आणि ग्राहक कुरकुरतात. दोन कामे त्यापायी हातची गेली, त्याचे मला फारसे दुःख नाही.

काका आता गल्ल्यावर बसतात. सकाळी कुलपे मोजून देतात, संध्याकाळी मोजून घेतात, आणि एखादे कमी भरले की त्या साइटवर फोन गेल्याशिवाय दुकान बंद होत नाही.