वाटेतला पूल

बुधवार, रात्री

जेवणं आटोपली आणि टेबलावर पुन्हा श्रीलंकेचा चार्ट पसरला. एकटीने, शिडावर, कुठेही न टेकता या बेटाला एक फेरी. डिव्हायडर फिरवून पाहिलं तर अंतर सहा-सातशे सागरी मैल भरतं. पाच नॉटचा, म्हणजे ताशी पाच सागरी मैलांचा, वेग टिकला तर सहा दिवस, वारा रुसला तर आठ. नौदलाचे अभिलाष टॉमी नोव्हेंबर २०१२मध्ये 'म्हादेई' ही शिडाची बोट घेऊन एकटेच मुंबईहून निघाले, ते जगाला वळसा घालून मार्च २०१३च्या अखेरीला परतेपर्यंत जमिनीला लागले नाहीत. त्यापुढे माझे आठ दिवस म्हणजे किरकोळच.

पण मोठ्या फेरीत एक सोय असते, झोपेची. दक्षिण महासागरात वाऱ्यावर चालणारं स्वयंचलित सुकाणू लावून तासभर डोळा लागला तरी आपटायला काही नसतं. बेटाभोवती फिरताना जमीन कायम एका कुशीला. घात होतो तो तिथेच. मला लाटांपेक्षा किनाऱ्याची धास्ती जास्त वाटते, आणि ज्यांच्याबरोबर मी समुद्रावर रात्री काढल्या आहेत ते सगळे हेच म्हणतात.

गुरुवार

झोपेचा हिशोब मांडला. छोट्या बोटीतून सात मैलांवरचं जहाज दिसलं आणि ते २० नॉटनी आपल्याकडे येत असलं, तर हातात साधारण वीस मिनिटं उरतात. एकटे फिरणारे वीस मिनिटांचा गजर लावतात तो यामुळे. समुद्रावरच्या आंतरराष्ट्रीय नियमांतला पाचवा नियम सांगतो की पहारा सतत हवा. म्हणजे डोळा मिटला की नियम मोडलाच! एकट्याच्या शर्यतीही होतात आणि नियमही तसाच छापला जातो.

पूर्व बाजूला निभावेल. तिथे किनाऱ्यापासून थोडं आत गेलं की पाणी एकदम खोल होतं, तीसेक मैल बाहेर राहून झोपेचे तुकडे गोळा करता येतील. आग्नेयेला बासेसचे खडक. तिथे १८७३ पासून दीपगृह आहे, आणि १९६१मध्ये त्याच खडकांत सापडलेल्या एका बुडीत जहाजातून औरंगजेबाच्या काळातले, सुरतेच्या टांकसाळीतले चांदीचे रुपये निघाले. (सुरतेची चांदी इथवर येऊन बुडाली, हे वाचून मी जरा वेळ चार्ट विसरलेच.) मग दोंद्रा. दक्षिणेच्या या टोकासमोरून जगातली एक सर्वांत गजबजलेली जहाजवाट जाते आणि त्याच पाण्यात निळे देवमासे चरतात. जहाजांच्या धडकेने ते मरतात. माझी बोट तर त्यांच्या निम्म्याहूनही लहान. तिथे झोप नाहीच. पुढे कोलंबोपर्यंत मच्छीमार आणि त्यांची जाळी.

शुक्रवार, पहाटे

दिशा ठरली. ईशान्य मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत, हिवाळ्यात, पूर्व किनाऱ्याचा प्रवाह खाली दक्षिणेकडे, टोकाशी पश्चिमेकडे आणि पलीकडून वर उत्तरेकडे वाहतो. म्हणजे बेट उजव्या हाताला ठेवून, देवळात फिरतो तसं.

आता खरी अडचण. धनुष्कोडी आणि तलैमन्नारच्या मध्ये रामसेतूची वाळू आहे. पाणी कुठे कमरेइतकं, कुठे त्याहून थोडं जास्त, आणि वाळूचे दांडे जागा बदलत राहतात. कील, म्हणजे तळातून खोल पाण्यात उतरलेला जड पंखा, असलेली बोट तिथून जाणार नाही. उरते रामेश्वरचं बेट आणि भारताची मुख्य भूमी यांच्यामधली पांबनची खाडी. श्रीलंकेला फेरी घालायची तर भारतातल्या रेल्वे पुलाखालून जायला हवं! १९१४चा जुना पूल दोन पाती उघडून वाट द्यायचा. एप्रिल २०२५मध्ये सुरू झालेल्या नव्या पुलाचा ७२.५ मीटरचा गाळा सरळ वर उचलला जातो. पण तो माझ्यासाठी ताबडतोब कोण उचलणार? परवानगी येईपर्यंत नांगर टाकून थांबायचं, मग अरुंद वाटेत इंजिन लावायचं. न थांबण्याची बातच संपली, आणि शिडाचीही. काही जण म्हणतील, एवढं चालतं. मला नाही चालत.

शनिवार

भाजी चिरताना सुचलं. पूल वाटेत येतो, कारण मी सुरुवात दुसरीकडे धरली आहे. पुलाच्या उत्तरेच्या अंगाला शीड चढवायचं, पाल्कच्या उपसागरातून पॉइंट पेड्रो, त्रिंकोमाली, बासेस, दोंद्रा, कोलंबो करत मन्नारच्या आखातातून वर यायचं आणि पुलाच्या दक्षिणेला नांगर टाकायचा. पूल उघडायची गरजच नाही.

किंमत आहेच. ईशान्य वारा पहिल्या टप्प्यात तोंडावर, शेवटच्यातही तोंडावर. पाल्कच्या चिंचोळ्या पाण्यातून तो मन्नारच्या आखातात दाबून घुसतो आणि ते नेमकं सगळ्यात थकलेल्या दिवसांत, रात्री दिवा न लावता फिरणाऱ्या होड्यांमधून, प्रवाळबेटं डाव्या हाताला ठेवून. १९७४ आणि १९७६च्या करारांनी आखलेली सागरी सीमाही दोनदा ओलांडायची. ज्या पाण्यात मच्छीमारांची धरपकड होते तिथे एकट्या बाईची शिडाची बोट रात्री काय करते आहे, हे दोन्हीकडच्या गस्तीला आधी कळलेलं बरं.

तेव्हा हवामानाआधी कागदपत्रं. भारतातून निघून परदेशातल्या एकाही बंदराला न लागता भारतातच परतणाऱ्या बोटीला कुठला फॉर्म भरावा लागतो, हे विचारणारं पत्र सोमवारी बंदर खात्याला टाकते.