ईडेल ते होप : मॅम टॉरच्या धारेवरची चाल

सह्याद्रीची सवय असलेल्या आणि शिक्षणासाठी, नोकरीसाठी किंवा मुलांकडे म्हणून इंग्लंडात आलेल्या कुणी विचारलं, "इथला पहिला डोंगर कोणता करू?" तर मी लेक डिस्ट्रिक्ट या वायव्येकडच्या प्रसिद्ध डोंगराळ भागाचं नाव घेत नाही. मी सांगतो, मँचेस्टर किंवा शेफील्डहून रेल्वेने पीक डिस्ट्रिक्टमधल्या ईडेल गावी उतरा, मॅम टॉर चढा, धारेवरून लूज हिलपर्यंत चाला आणि होपला उतरून परतीची गाडी पकडा. गाडी चालवता येण्याची गरज नाही, गाइड लागत नाही, तिकीट नाही. मे महिन्याच्या शेवटी साताऱ्याचे माझे मामा इथे आले होते, त्यांना घेऊन ही वाट पुन्हा केली. मामांनी सत्तरी गाठली आहे, पण अजून दर पावसाळ्यात एखादा गड होतोच. त्यांच्यासोबत चालताना माझ्या नजरेतून आजवर निसटलेल्या बऱ्याच गोष्टी दिसल्या.

आधी दिशेबद्दल, कारण बहुतेक लोक ही चाल उलटी करतात. इथला वारा बहुतेक वेळा नैऋत्येकडून किंवा पश्चिमेकडून येतो आणि धार साधारण पश्चिम-पूर्व पसरली आहे. ईडेलहून सुरुवात केली की मॅम टॉरपासून पुढे वारा पाठीवर राहतो. होपहून निघालात तर तोच वारा तासभर तोंडावर झेलावा लागतो. दुसरं कारण बॅक टॉर, या धारेवरचं पुढचं एक टोक. त्याची पश्चिमेकडची बाजू उभी आणि घसाऱ्याची आहे. ती चढून जाणं सोपं, ओल्या दिवशी उतरणं त्रासाचं.

ईडेल स्टेशनवर उतरल्यावर बहुतेक माणसं उत्तरेला, गावाकडे वळतात. तिथल्या ओल्ड नॅग्ज हेड या पबपाशी पेनाइन वे ही 1965 साली खुली झालेली, स्कॉटलंडच्या सीमेपलीकडे जाणारी सुमारे 430 किलोमीटरची पायवाट सुरू होते. स्वच्छतागृह वापरायचं असेल तर ते इथेच उरका, पुढे धारेवर काही नाही. पाण्याच्या बाटल्याही भरून घ्या. मग दरीतल्या मुख्य रस्त्यावर येऊन थोडं पश्चिमेला गेलं की डावीकडे हार्डनक्लफच्या शेताकडे जाणारी गल्ली लागते. तिथून नकाशावरची सार्वजनिक पायवाटेची हिरवी तुटक रेघ धरायची. वाट शेताच्या अंगणाशेजारून, मेंढ्यांच्या कुरणातून, दगडी गडग्यांमधल्या फाटकांतून वर चढते.

पहिल्याच फाटकापाशी मामा थांबले. म्हणाले, "अरे, हे कुणाचं तरी रान आहे. मालकाला न विचारता आत कसं शिरायचं?" "मामा, मालक त्याचा, पण वाट सगळ्यांची," मी म्हटलं. त्यांना ते पटेना. इथे शेताची मालकी खाजगी असली तरी त्यातून जाणारी जुनी पायवाट कायद्याने लोकांची असते आणि मालकाला ती बंद करता येत नाही. पण हे सगळीकडे आणि कायम असं नव्हतं. समोर उत्तरेला दिसणारं किंडर स्काउटचं काळपट पठार तेव्हाच्या जमीनदारांनी शिकारीसाठी राखून ठेवलं होतं. 24 एप्रिल 1932 रोजी पलीकडच्या हेफील्डहून बेनी रॉथमन या तरुणाच्या पुढाकाराने काहीशे कामगार पोरं मुद्दाम त्या पठारावर चढली. राखणदारांशी झटापट झाली, पाच जणांना तुरुंगवास झाला. आठवडाभर कारखान्यात राबणाऱ्या माणसाला रविवारी डोंगरावर मोकळा श्वास घेता यावा, एवढीच त्यांची मागणी होती. 1949 मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा कायदा आला, 1951 मध्ये पीक डिस्ट्रिक्ट हे ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं, आणि उघड्या माळांवर फिरण्याचा हक्क 2000 च्या कायद्याने मिळाला. मी हे सांगत होतो तोवर मामांनी फाटक उघडलं, पलीकडे गेले आणि कडी पुन्हा नीट लावली. तेवढंच अपेक्षित असतं: फाटक जसं सापडलं तसंच सोडायचं.

वर मॅम निक नावाच्या खिंडीत डांबरी रस्ता भेटतो आणि तिथून माथ्यापर्यंत फरसबंदीची पायऱ्यांची वाट आहे. मॅम टॉरची उंची 517 मीटर, म्हणजे सिंहगडाच्या निम्म्याहूनही कमी. स्टेशनपासून चढाई तीनशे मीटरच्या आसपास. आकडा ऐकून हलक्यात घेऊ नका. इथे झाडोरा नाही, आडोसा नाही, आणि खाली दरीत नुसत्या शर्टात बसता येईल अशा दिवशी माथ्यावर कानटोपी लागते.

माथ्याच्या जरा अलीकडे मामा म्हणाले, "हा तट आहे." मला आजवर तो नुसता गवताचा उंचवटा वाटत होता. मामांनी बोटाने दाखवलं, हा खंदक, ही मातीची तटबंदी, आणि हा दरवाजाचा मार्ग. अगदी बरोबर होतं. मॅम टॉर हा लोहयुगातला डोंगरी किल्ला आहे आणि त्याच्याही आधी, कांस्ययुगाच्या अखेरीस, इथे वस्ती होती. झोपड्यांसाठी उतारावर कोरलेले सपाट चौथरे अजून ओळखू येतात. माथ्यावर जी दगडी फरशी घातली आहे तिच्याखाली कांस्ययुगातलं दफनस्थान आहे. पावलांनी झिजून जाऊ नये म्हणून ते झाकलं आहे. उंचीच्या खांबाजवळ फोटोसाठी रांग असते. तिथून पन्नास पावलं बाजूला जाऊन तटावर बसा, गर्दी कमी आणि नजारा तोच.

आणि नजारा खरोखर दोन देशांचा आहे. उत्तरेला ईडेलची दरी आणि तिच्यामागे वालुकाश्म व पीट (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची काळपट माती) यांचं करडं-तपकिरी किंडर, याला डार्क पीक म्हणतात. दक्षिणेला चुनखडीचा हिरवागार व्हाइट पीक, पायथ्याला कॅसलटन गाव, त्याच्यावर नॉर्मन काळातला पेव्हरिल किल्ला. दोन्हींमधली सीमा नेमकी तुमच्या पायाखाली आहे. होपच्या सिमेंट कारखान्याची चिमणी काहींच्या डोळ्यांत खुपते. मला ती तिथे असणं पटतं, कारण ही दरी माणसांच्या कामाची दरी आहे, चित्रातली नाही.

मॅम टॉरची पूर्व बाजू तुटलेली आहे. शेल या चिखलापासून बनलेल्या ठिसूळ खडकाच्या मऊ थरांवर वालुकाश्माचे थर बसलेले असल्याने सुमारे चार हजार वर्षांपूर्वी इथली कड कोसळली, आणि तो राडारोडा पावसाळी हिवाळ्यानंतर अजूनही सरकतो. त्यावरून बांधलेला कॅसलटनचा रस्ता दीडशे वर्षं दुरुस्त करून करून शेवटी 1979 मध्ये वाहतुकीला कायमचा बंद केला. डांबराचे एकावर एक चढवलेले थर दुभंगून पडलेले आहेत. भूगोलात रस असलेल्या मुलांना घेऊन गेलात तर होपऐवजी कॅसलटनला उतरा आणि तो मोडका रस्ता चालून बघा. मला तरी तो तिथल्या तिकीट लावलेल्या गुहांपेक्षा जास्त शिकवून गेला.

माथ्यावरून पुढे धार हळूहळू हॉलिन्स क्रॉस या खिंडीपर्यंत उतरते. ईडेलला स्वतःचं चर्च नव्हतं तेव्हा तिथले लोक प्रेतं खांद्यावर घेऊन याच खिंडीतून पलीकडे दफनासाठी नेत. पुढे अठराव्या शतकाच्या अखेरीस ईडेलमध्ये कापसाची गिरणी निघाली आणि कॅसलटनच्या बायका कामासाठी हीच खिंड ओलांडू लागल्या. या भागातल्या पायवाटांवर बऱ्याच ठिकाणी ज्या चौकोनी फरश्या आहेत, त्या पाडलेल्या सूतगिरण्यांच्या जमिनींतून आणलेल्या आहेत. 1861 ते 65 मध्ये अमेरिकेतल्या यादवीमुळे कापूस थांबला, तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांना मुंबई बंदरातून गुजरात, खानदेश, वऱ्हाडचा कापूस गेला. मामा वाकून एका फरशीवरून हात फिरवत म्हणाले, "म्हणजे आपल्या शेतकऱ्याचाही या वाटेशी संबंध आहे म्हण की." त्या एका वाक्यासाठी त्यांना इथे आणल्याचं सार्थक वाटलं.

बॅक टॉरचा चढ छोटा पण दमवणारा. वर पोचल्यावर कड्याच्या टोकाशी एकटं झाड आणि खाली सरळ तुटलेला कातळ. लहान मुलांचा हात इथे सोडू नका. जेवायला लूज हिल बरा, 476 मीटर. माथ्यावर कोणती टेकडी कुठे ते दाखवणारी चकती आहे. शेफील्डमध्ये 1900 साली कामगारांची चालण्याची संघटना काढणाऱ्या जी. एच. बी. वॉर्ड यांना 1945 मध्ये ही जागा भेट मिळाली आणि त्यांनी ती लगेच नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेला देऊन टाकली, म्हणून या तुकड्याला वॉर्ड्स पीस म्हणतात. आम्ही दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि गूळ खाल्ला. थंड वाऱ्यात गुळाला तोड नाही.

एकूण अंतर बारा किलोमीटरच्या आसपास, बसत-उठत पाच तास धरा. जुना हिशेब सोपा आहे: सपाटीवर तासाला पाच किलोमीटर, आणि दर शंभर मीटर चढाईला दहा मिनिटं जास्त. सोबत ज्येष्ठ किंवा लहान मुलं असतील तर दीडपट करा. डिसेंबरात चारच्या सुमारास अंधार पडतो, तेव्हा दुपारी एकनंतर ईडेलहून निघू नका आणि बॅटरी जवळ असू द्या.

कपड्यांत जीन्स नको. ओली झाली की वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेते. वाराबंद-पाऊसबंद जाकीट जून-जुलैतही पिशवीत हवं. छत्री घरीच ठेवा. चांगल्या पकडीचे बूट पुरेत, घोट्यापर्यंतचेच हवेत असं नाही. ऑर्डनन्स सर्व्हेचा डार्क पीकचा ओएल 1 हा 1:25,000 प्रमाणातला नकाशा घ्या, किंवा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा, कारण ईडेलच्या दरीत सिग्नलचा भरवसा नाही. निघण्याच्या सकाळी मेट ऑफिसचा, म्हणजे इथल्या हवामान खात्याचा, डोंगराळ भागाचा अंदाज बघा. पावसापेक्षा वाऱ्याचा आकडा महत्त्वाचा. ताशी 65 किलोमीटरच्या पुढचे झोत दाखवत असतील तर धार सोडा आणि दरीतल्या गावांमधून चाला. अडचण आलीच तर 999 लावून आधी पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू मागायचं. शिट्टी असेल तर मिनिटाला सहा फुंका, मिनिटभर थांबून पुन्हा.

वासरं असलेल्या गायींपासून लांबून वळसा घाला. एप्रिल हा कोकरांचा महिना, कुत्रा असेल तर दोरीला बांधा. उन्हाळ्यात नेच्यांच्या झुडपात गोचिड्या असतात, घरी गेल्यावर पायांची मागची बाजू तपासा. आणि कुठलीही आग नको, सिगारेटसुद्धा नको. कोरड्या पीटला लागलेली आग जमिनीखाली दिवसेंदिवस धुमसत राहते.

गुडघेदुखी असलेल्या आई-वडिलांना घेऊन येत असाल तर गाडीने मॅम निकच्या तळापर्यंत या. तिथून पायऱ्यांनी माथा अर्ध्या तासाच्या आत होतो आणि तेवढ्यात धारेचा उत्तम भाग दिसतो. गाडीतळ शनिवार-रविवारी सकाळी नऊला भरतो, त्यामुळे शक्यतो मधल्या वारी जा. ऑगस्टच्या उत्तरार्धात समोरचं किंडर हीदर या झुडपाच्या फुलांनी जांभळं होतं, निवड तुमच्या हातात असेल तर तोच काळ धरा.

लूज हिलवरून होपला उतरताना वाट स्पष्ट आहे. गावात चहा आणि पब दोन्ही मिळतात, पण स्टेशन गावाच्या बाहेर पूर्वेला आहे, त्यासाठी पंधरा-वीस मिनिटं राखून ठेवा. थांबणाऱ्या गाड्या साधारण तासाला एक, रविवारी आधी वेळापत्रक बघाच. गाडी चुकली आणि शेफील्डकडे जायचं असेल तर होप गावातूनच बस आहे.