सँडी टर्नबुल: १०१ वा गोल सापडला!

सापडला, मंडळी! तीन आठवडे छळणारा तो १०१ वा गोल काल रात्री साडेअकराला सापडला, आणि सापडला तो अशा ठिकाणी की कपाळावर हात मारून घेतला.

मागचं वाचलंय त्यांना प्रकरण ठाऊक आहे. सँडी टर्नबुल म्हणजे शंभरेक वर्षांपूर्वीचा स्कॉटिश फुटबॉलपटू. त्याचा मँचेस्टर युनायटेड क्लबातला हिशेब २४७ सामने, १०१ गोल असा छापलेला मिळतो. माझा सामनावार तक्ता मात्र शंभरावर अडून बसलेला. लीगचे ९०, एफए कप या बाद पद्धतीच्या स्पर्धेचे १०, की संपलं. ‘एका गोलानं काय बिघडतं?’ असं घरच्यांचं मत. तक्ता ज्यानं स्वतः भरलाय त्याला विचारा. चपलेत खडा अडकल्यासारखं होतं.

संशयित अर्थातच जिमी टर्नबुल. १९०७ ते १९१० या तीन मोसमांत युनायटेडच्या फळीत दोन टर्नबुल होते. दोघेही स्कॉटिश, नात्यानं एकमेकांचे कुणी नाहीत. जिमी सेंटर फॉरवर्ड, आपला सँडी त्याच्या डाव्या हाताला इनसाइड लेफ्ट. बातमीदार लिहून मोकळा: ‘टर्नबुलनं चेंडू जाळ्यात धाडला.’ अरे बाबा, कुठल्या? आमच्या कोल्हापुरात एका फळीत दोन पाटील आले की समालोचक गल्लीचं नाव लावून मोकळा होतो. मँचेस्टरच्या बातमीदारांना तेवढंही जमत नव्हतं. शनिवारी संध्याकाळी निघणाऱ्या अंकांत तर पहिल्या हाफचं रसभरीत वर्णन असायचं आणि दुसरा हाफ घाईघाईत चार ओळींत उरकलेला. गोल नेमके त्या चार ओळींत.

म्हणून दोघेही खेळलेले सगळे सामने पिवळ्या रंगात काढले आणि एकेक उघडत बसलो. एखादा गोल जिमीच्या खात्यावर चुकून गेला असणार, अशी पक्की खात्री होती. (इथेच फसलो, पण ते पुढे.)

आता वर्तमानपत्रांच्या त्या संग्रहाबद्दल, ज्याची वर्गणी भरताना खिसा हलका होतो. नाव घेत नाही. स्कॅन सुरेख आहेत, पण मजकूर ओळखण्याचं काम ज्या यंत्राला दिलंय त्याला चष्मा हवा. ‘टर्नबुल’ शोधलं की निम्मे सामने गायब! दुसऱ्या आठवड्यात एक पान डोळ्यांनी वाचत होतो. नाव समोर ढळढळीत छापलेलं, आणि शोध म्हणतो, या पानावर काही नाही. मग यंत्रानं वाचलेला कच्चा मजकूर उघडला. तिथे लिहिलं होतं ‘टंबुल’! इंग्रजी स्पेलिंगमध्ये आर आणि एन शेजारी येतात. जुन्या खिळ्यांची छपाई, पसरलेली शाई, त्यामुळे दोघं चिकटतात आणि यंत्राला दिसतो एम. शोधपेटीत ‘टंबुल’ टाकलं आणि धो धो पाऊस. एका बैठकीत अठ्ठावीस नवे वृत्तांत. स्कॉटिश खेळाडूंवर काम करणाऱ्यांनो, आर-एनवाली सगळी आडनावं अशी एकदा तपासाच.

त्या पावसात २१ डिसेंबर १९०७ ची मँचेस्टर डर्बी, म्हणजे युनायटेड आणि मँचेस्टर सिटी या एकाच शहरातल्या क्लबांची लढत, हीही हाती लागली. युनायटेड ३, सिटी १. सँडीचे दोन गोल, आणि नंतर साहेब मैदानाबाहेर! मँचेस्टर डर्बीत बाहेर काढला गेलेला पहिला खेळाडू हाच. तोही जुन्या क्लबाविरुद्ध, ज्याच्याकडून तो १९०४ चा एफए कप जिंकला होता. सिटीनं ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त पैसे वाटल्याचं उघड झालं, सतरा खेळाडूंवर बंदी आली, त्यातला हा एक. बंदी संपल्यावर १ जानेवारी १९०७ ला युनायटेडसाठी उतरला आणि ॲस्टन व्हिलाविरुद्धचा एकमेव गोल त्याचाच. हा गोल कितव्यांदा वाचला कोण जाणे, तरी दर वेळी चहा थंड होतो.

इतकं सगळं होऊनही बेरीज? शंभर.

काल वैतागून जिमीला बाजूला ठेवलं आणि तक्त्याचे रकानेच पाहिले. लीग, एफए कप. बस्स. चॅरिटी शील्ड! लीग आणि कपाबाहेरचा वेगळा सामना, त्याचा रकानाच केला नव्हता मी. तीन आठवडे खिसे तपासतोय आणि किल्ली दाराला लटकलेली.

रकाना घातला, तर आणखी गंमत. १९०८ चा फेरसामना, युनायटेड ४, क्वीन्स पार्क रेंजर्स ०, आणि वृत्तांतात टर्नबुलचे तीन. हे सँडीचे धरले तर बेरीज १०३, आणि पोटात गोळा. पण ती हॅटट्रिक जिमीची, त्यात वाद नाही. मग १९११ चा सामना उघडला. स्विंडनविरुद्ध ८-४. या सामन्याबद्दल जो तो हॅरोल्ड हॅल्सच्या सहा गोलांचंच गातो. उरलेले दोन कुणाचे, हे मीही कधी विचारलं नव्हतं. एक जॉर्ज वॉलचा. दुसरा टर्नबुल! जिमी तोवर क्लब सोडून गेलेला, म्हणजे शंकाच नको. १०१.

खरं तर पुढचा टप्पा सिटीतल्या वर्षांचा ठरवला होता. पण हे लिहितानाच वाटतंय की जिमीचाही पूर्ण तक्ता आधी करावा. बिचाऱ्याला तीन आठवडे चोर ठरवलं मी. शिवाय दोन तक्ते शेजारी ठेवले की १९०९ च्या कप फायनलसारखे सामने, जिथे दोघेही मैदानात होते, आपोआप ताडून निघतील. तिथला गोल कुणाचा हे जगजाहीर आहे: हॅल्सचा फटका आडव्या दांड्याला लागून परतला आणि दुखऱ्या गुडघ्यानं खेळणाऱ्या सँडीनं तो आत घातला. ब्रिस्टल सिटी गारद. पण बाकीच्यांचं काय!

एका गोष्टीवर मात्र तुमचं मत हवंय. २ एप्रिल १९१५, गुड फ्रायडे, युनायटेड २, लिव्हरपूल ०. निकाल आधीच ठरवून खेळलेला सामना. सँडीवर आजन्म बंदी आली ती या सामन्यामुळे, आणि त्यात तो खेळलाच नव्हता. ३ मे १९१७ ला पहिल्या महायुद्धातल्या अरासच्या लढाईत तो मारला गेला, बंदी उठली १९१९ मध्ये. माझ्या तक्त्यात ओळ मिळते ती खेळलेल्या सामन्याला. मग याला कुठे बसवू? सध्या २४७ व्या ओळीखाली एक रिकामी ओळ सोडून फक्त तारीख टाकली आहे.